ओलें वळण आणि सायकलीचें चाक



मृगाच्या सरी कोसळूं लागल्या कीं आमच्या राधानगरीचा रस्ता आपलें रूप पालटतो. कोल्हापुराहून आलेला हा रस्ता गांव मागें टाकून दाजीपूरच्या दाट रानांत शिरतो आणि पुढें फोंडा घाटानें कोंकणांत उतरतो. अलीकडे बारीक चाकांच्या हलक्या सायकली घेऊन पुष्कळ तरुण ऐन पावसांत या वाटेनें येतात. खेड्यांतील मुलें तर शाळेसाठीं रोजच सायकलीवर असतात. माझा एक विद्यार्थी अशाच एका ओल्या वळणावर पडला व त्याच्या खांद्याचें हाड मोडलें. तो मला म्हणाला, "गुरुजी, मी फार जोरांत नव्हतों, वळणांत भीति वाटली म्हणून नुसता पुढचा ब्रेक दाबला." त्याचें म्हणणें खरें होतें. मग तो पडला कां? याचाच उलगडा आज करावयाचा आहे.

हवेचा टायर व्यवहारांत आणला तो बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन डनलॉप यांनीं, १८८८ सालीं, आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं. हवेनें फुगलेलें रबर दबतें आणि रस्त्यावरील खडीच्या बारीक उंचवट्यांना बिलगतें; यालाच आपण पकड म्हणतों. बारीक चाकाच्या सायकलीची दोन्ही चाकें मिळून जमिनीस जी जागा टेकते ती तीन-चार अंगठ्यांच्या ठशांएवढीच असते. साऱ्या देहाचा भरंवसा तेवढ्या जागेवर!

पाऊस पडला कीं रबर आणि खडी यांच्यामध्यें पाण्याचा पातळ पडदा येतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर पकडीचें प्रमाण ०.८ धरलें, तर ओल्या रस्त्यावर तें ०.४ पर्यंत उतरूं शकतें. याचा अर्थ हिशेबानेंच पाहूं. वीस मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर कोरड्या रस्त्यांत ताशीं ४५ किलोमीटर वेगाला चाक घसरण्याची सीमा येते. ओल्यांत ती ३२ वर येते. आणि चिखल असून प्रमाण ०.२ झालें तर २२ वर. ही पडण्याची सीमा झाली. शहाण्यानें तिच्या पुष्कळ अलीकडे राहावें.

पण माझा विद्यार्थी या सीमेच्या आंत असूनही पडला. त्याचें कारण असें कीं, पकड ही ठराविक पगारासारखी आहे. वळणें आणि थांबणें हे दोन्ही खर्च त्या एकाच पगारांतून भागवावे लागतात. कोरड्या दिवसांत पगार भरपूर, म्हणून दोन्ही निभतात. पावसांत तो निम्मा होतो. त्यांतला बहुतेक भाग वळण्यांत खर्च झाला असतां वर ब्रेक दाबला, कीं दिवाळें निघतें. पुढचें चाक एकदां सुटलें म्हणजे तोल सांवरण्यास क्षणाचीही सवड मिळत नाहीं. म्हणून नियम एकच: ब्रेक वळणाआधीं, वळणांत नव्हे.

तेंही जरा लौकरच दाबावें. रीमवर दाबणारे ब्रेक असले तर चाकाचे पहिले कांहीं फेरे त्यांचे गट्टू नुसतें पाणीच पुसतात. मग कुठें वेग ओसरूं लागतो. थांबण्यास लागणारें अंतर ओल्यांत दुपटीच्या घरांत जातें. आणि दाजीपूरच्या वळणापलीकडे एखादा गवा उभा नसेलच असें नाहीं. वळतांना बाहेरच्या बाजूचें पेडल खालीं ठेवून त्यावर भार द्यावा, दृष्टि वळणाच्या शेवटाकडे ठेवावी आणि हँडल एकाएकीं फिरवूं नये.

पुष्कळांची समजूत अशी कीं टायरवर खोल नक्षी असली म्हणजे तो घसरत नाहीं. मोटारीच्या रुंद टायरला पाणी बाहेर सारण्यास खांचा लागतात हें खरें. सायकलीचा टायर अरुंद, गोल आणि कडक. तो स्वतःच पाणी कापतो. पाण्यावर तरंगण्यास त्याला ताशीं शंभर किलोमीटरांहूनही अधिक वेग लागेल. येथें उपयोगी पडतें तें मऊ, न झिजलेलें रबर आणि बेताची हवा. पावसांत नेहमींपेक्षां पांच-दहा पौंड हवा कमी ठेवल्यास चाक रस्त्यास अधिक चांगलें बिलगतें. त्याहून फार कमी केल्यास मात्र खड्ड्यांत रीम आपटते.

राहिली रस्त्याची पारख. पहिल्या पावसाची बुरबूर मुसळधार पावसाहून फसवी. कारण महिनोन्महिने सांठलेलें तेल व धूळ त्या वेळीं वाहून न जातां नुसतीं कालवलीं जातात. भातलावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतांतला चिखल रस्त्यावर येतो. रानाच्या सावलींतील शेवाळ, कुजलेला पाला, पांढरे रंगीत पट्टे, लोखंडी जाळ्या, हे सर्व निसरडे. त्यांवरून सायकल आडवी न कलवतां सरळच न्यावी.

माझा तो विद्यार्थी आज आपल्या मुलीला सायकल शिकवतो. परवां पावसांत ती दोघें माझ्या दारावरून गेलीं. वळण पुष्कळ दूर होतें, तरी त्या मुलीनें ब्रेक दाबला, वेग उतरविला आणि मग हात सैल सोडून शांतपणें वळण घेतलें. हाड न मोडतां तिला तो धडा मिळाला, याचें मला मोठें समाधान वाटलें.