ई-मेल पोचली, हे सिद्ध कसे करावे?

श्रोतेहो, "अनामत परत मागणारी ई-मेल मी पाठवली होती," असे भाडेकरू म्हणतो. "मला मिळालीच नाही," असे घरमालक. असा वाद माझ्याकडे आला, की वकील म्हणून मी दोन प्रश्न वेगळे करतो : ई-मेल पोचली का, आणि मजकूर तोच का?

पोचण्याबाबत माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम १३ आहे. वेगळे ठरले नसेल, तर समोरच्याने नेमून दिलेल्या पत्त्याच्या यंत्रणेत ई-मेल शिरली, की ती मिळाली असे धरतात. त्याने ती वाचलीच पाहिजे असे नाही. म्हणून ई-मेलचे पत्ते करारातच लिहून घ्यावेत. आपल्या 'सेंट'मधली नोंद फक्त निघाल्याचे सांगते. समोरच्याचे उत्तर आले असेल, तर ते जपून ठेवावे.

मजकुरासाठी नुसती छापील प्रत पुरत नाही. जालन्याच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले, की मूळ यंत्र हजर केले नसेल, तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्यात 'हॅश' हा संगणकीय ठसाही द्यावा लागतो. एक अक्षर बदलले, तरी ठसा बदलतो.

तेव्हा वाद मिटेपर्यंत मूळ ई-मेल पुसू नका.