पिछाडीवरील उमेदवाराचे बळ

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत महिनोन्‌महिने मागे पडलेला उमेदवार अखेरच्या काही आठवड्यांत एकाएकी पुढे सरकतो आणि विजय गृहीत धरून बसलेल्या प्रतिपक्षाची झोप उडते, हा प्रकार त्या देशात एकापेक्षा अधिक वेळा घडला आहे. त्याचे श्रेय एखाद्या प्रभावी भाषणाला किंवा प्रचारातील युक्तीला देऊन मोकळे होण्याचा मोह पुष्कळांना होतो. आमच्या मते हे निदान अपुरे आहे. अशा उमेदवाराला अखेरीस मिळणारी मते बहुधा प्रतिपक्षाकडून जिंकलेली नसतात. रुसून दूर गेलेली घरचीच माणसे परतलेली असतात.

१९६८ सालचा हिशेब या दृष्टीने बोलका आहे. व्हिएतनामचे युद्ध आणि शिकागो अधिवेशनाच्या वेळी रस्त्यावर झालेला लाठीमार यांमुळे डेमोक्रॅटिक पक्ष दुभंगला होता. सप्टेंबरच्या अखेरीस गॅलप चाचणीत रिचर्ड निक्सन यांना ४३, ह्यूबर्ट हम्फ्री यांना २८ आणि तिसरे उमेदवार जॉर्ज वॉलेस यांना २१ टक्के पाठिंबा होता. ३० सप्टेंबरला हम्फ्री यांनी उत्तर व्हिएतनामवरील बॉम्बफेक थांबविण्याची तयारी दर्शविली, तेव्हा युद्धविरोधी मतदारांचा राग काहीसा निवळला. वॉलेस यांच्याकडे ओढल्या गेलेल्या कामगारांना त्यांच्या संघटनांनी अलाबामातील अल्प वेतनाची आठवण करून दिली. प्रत्यक्ष निकालात निक्सन ४३.४, हम्फ्री ४२.७ आणि वॉलेस १३.५ टक्क्यांवर होते. निक्सन जेथे होते तेथेच राहिले. हम्फ्री वाढले ते वॉलेस यांची गळती आणि कुंपणावरील मतदार यांच्या जोरावर.

परतीची ही वाट मात्र आपोआप मोकळी होत नाही. मतदाराचा रोष कशाचा आहे हे ओळखून त्याला उत्तर द्यावे लागते. १९४८ साली हॅरी ट्रुमन यांनी आगगाडीने देशभर हिंडून नेमके हेच केले. मक्याचे भाव घसरत असताना धान्य साठविण्याच्या सोयीला रिपब्लिकन बहुमताच्या काँग्रेसने आडकाठी केली, हे त्यांनी शेतकऱ्यांपुढे मांडले. थॉमस ड्यूई विजय हाती आल्याच्या थाटात मोघम बोलत राहिले. चाचणीकारांनी मतदानाच्या पुष्कळ आधीच आपले काम आटोपते घेतले, आणि शिकागोच्या एका दैनिकाने तर ड्यूई यांच्या विजयाचा मथळाही छापून टाकला. बाजारात तुरी, म्हणतात ती हीच! विजयी ट्रुमन झाले. ओहायो राज्यात निर्णय अवघ्या ७,१०७ मतांनी लागला.

या उसळीला वेळेची मर्यादा आहे, हेही विसरून चालणार नाही. हम्फ्री अखेर हरलेच. १९७६ साली चाचणीत एके काळी ३३ टक्क्यांनी मागे असलेले जेराल्ड फोर्ड अंतर दोन टक्क्यांवर आणूनही पराभूत झाले.

आपल्याकडेही निवडणुकीच्या हंगामात मतचाचण्यांच्या आकड्यांचा सुकाळ असतो. ते आकडे म्हणजे एका दिवसाची मनःस्थिती होय, निकाल नव्हे. निकाल ठरलाच आहे असे समजून जो मतदार घरी बसतो, तो आपल्या मौनाने ते भाकीत खरे करण्यास हातभार लावतो. आघाडीवरील उमेदवाराने गाफील राहू नये हा त्याचा प्रश्न झाला. मतदाराने गाफील राहू नये हा लोकशाहीचा प्रश्न आहे.