लंडन ते पॅरिस विमानाने किती वेळ लागतो? तिकिटावरची वेळ नीट वाचा

गूगलवर 'लंडन ते पॅरिस अंतर' टाकून बघा. एका ठिकाणी 344 किमी दिसेल, दुसरीकडे 450 च्या पुढचा आकडा. मित्रांनो, दोन्ही बरोबर आहेत. पहिला आकडा सरळ रेषेतल्या अंतराचा. दुसरा गाडीने जायचा, ज्यात समुद्राखालचा सुमारे 50 किमीचा चॅनल टनेल येतो. मॅपवर स्वतः मोजायचं असेल तर गूगल मॅप्समध्ये एका शहरावर बोट दाबून धरा, पिन पडली की अंतर मोजायचा पर्याय निवडा आणि मॅप सरकवत दुसऱ्या शहरापर्यंत न्या.

आता वेळ. प्रवासी जेट विमान वर गेल्यावर ताशी 800 ते 900 किमी वेगाने उडतं. म्हणजे 344 किमीला अर्धा तास पुरायला हवा ना? पण तिकिटावर सव्वा तास किंवा थोडा जास्तच दिसतो. कारण हा वेळ विमान गेटवरून हलल्यापासून ते पोहोचून गेटला लागेपर्यंतचा असतो. त्यात रनवेपर्यंत रांगेत सरकणं आलं, वर चढणं आणि खाली उतरणं आलं. एवढ्या छोट्या प्रवासात विमान पूर्ण वेगाने उडतं ते थोडीच मिनिटं. शिवाय हीथ्रोसारख्या गजबजलेल्या विमानतळावर उतरताना कधी कधी आकाशातच घिरट्या घालत थांबावं लागतं.

खरी गडबड पुढे आहे. समजा, विमान लंडनहून 10:00 ला निघतं आणि पॅरिसला 12:20 ला पोहोचतं. दोन तास वीस मिनिटं? नाही, एक तास वीस मिनिटंच. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असतं आणि तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या शहराची छापतात. परत येताना तर 13:00 ला निघून 13:20 ला पोहोचल्यासारखं दिसतं! पुढची कनेक्टिंग फ्लाइट पकडायची असेल तर हा एक तास महागात पडू शकतो.

फोनचं काय? ऑटोमॅटिक टाइम झोन चालू असेल तर नेटवर्क मिळाल्यावर घड्याळ आपोआप बदलतं आणि अलार्म तिथल्या वेळेनुसार वाजतो. कॅलेंडरचं मात्र तसं नाही. तुम्ही पुण्यात बसून 'सकाळी 10:00, लंडनची फ्लाइट' अशी नोंद केली, तर फोन ती भारतीय वेळ समजतो. उन्हाळ्यात लंडनला उतरल्यावर तीच नोंद पहाटे 5:30 ची दिसेल, हिवाळ्यात 4:30 ची. म्हणून नोंद करतानाच टाइम झोनमध्ये लंडन निवडा.

आणि हो, घाई असेल तर विमानच बरं, असं समजू नका. दोन्ही शहरांचे मोठे विमानतळ मध्यवस्तीपासून वीस-पंचवीस किमी लांब आहेत, त्यात चेक-इन आणि सिक्युरिटीचा वेळ वेगळा. युरोस्टार ट्रेन साधारण सव्वादोन-अडीच तासांत थेट शहराच्या आत, गार दू नोर स्टेशनवर सोडते. सगळा हिशोब केला तर ट्रेन बऱ्याचदा आधी पोहोचते.

कशानेही गेलात तरी ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, हे बुकिंगआधी ध्यानात घ्या. भारतीय पासपोर्टवर फिरायला जाणाऱ्यांना लंडन आणि पॅरिससाठी दोन वेगळे व्हिसा काढावे लागतात.