शिट्टी न वाजवता कवायत!

कवायतीच्या तासाला सर शिट्टी वाजवतात आणि सगळ्यांचे हात एकदम वर जातात. संगणकाच्या चिपमध्येही असंच चालतं. तिथे शिट्टीऐवजी घड्याळाचा ठोका असतो, सेकंदाला अब्जावधी वेळा पडणारा! पण दोन ठोक्यांत अंतर किती ठेवायचं? सर्वांत सावकाश सर्किटचं काम पुरं होईल इतकं. तोवर चपळ सर्किटं बिचारी ताटकळत उभी.

मग शिट्टीच काढून टाकली तर? एकाने "घे" म्हणायचं, शेजाऱ्याने "मिळालं" म्हणायचं, की पुढचं काम सुरू. कोणाला कितीही उशीर झाला तरी उत्तर चुकायचं नाही. अशा सर्किटांना विलंब-निरपेक्ष सर्किटं म्हणतात.

पण इथेच खरी मेख आहे. तारेत वीज असली तर १, नसली तर ०, हे तुम्हांला ठाऊक असेल. मग वीज दिसली नाही, तर ते ० समजायचं, की १ अजून वाटेतच आहे? हजेरी घेताना माझीही अशीच पंचाईत होते. नाव पुकारलं की कधी कधी वर्ग गप्प. एकदा घाईघाईत मी वर्गात बसलेल्या मुलीचीच गैरहजेरी मांडली. दिवसभर हिरमुसली होती हो ती!

यावर उपाय म्हणजे एका अंकासाठी दोन तारा. पहिलीत वीज आली तर १, दुसरीत आली तर ०, आणि दोन्ही रिकाम्या म्हणजे 'अजून थांब'. प्रत्येक अंकानंतर दोन्ही तारा रिकाम्या व्हायलाच हव्यात. नाहीतर लागोपाठ दोन १ आले, की एकच लांबला, हे कसं कळणार?

आता बेरीज करायची, तर दोन्ही संख्या आल्या का, हे कोणी पाहायचं? अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातले डेव्हिड मुलर यांनी १९५०च्या दशकात त्यासाठी 'सी-घटक' सुचवला. दोन्हीकडून १ आला तरच तो १ देतो, दोन्हीकडून ० आला तरच ०. एरवी आधीचंच धरून बसतो. दोघी मैत्रिणी येईपर्यंत डबा न उघडणारी आणि दोघी उठेपर्यंत तो न मिटणारी तिसरी असते ना, अगदी तशी!

१९८९ साली कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत अलॅन मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घड्याळ नसलेला मायक्रोप्रोसेसर बनवला. द्रवरूप नायट्रोजनने, म्हणजे उणे १९६ अंशांपर्यंत थंड केल्यावर तो आपोआप जास्त वेगाने धावला. ठोकाच नाही, तर त्याला अडवणार कोण?

मात्र १९९० मध्ये मार्टिन यांनीच दाखवून दिलं, की शंभर टक्के विलंब-निरपेक्ष सर्किटांकडून फार थोडी कामं होतात. एका तारेला दोन फाटे फुटले, की दोन्हींकडे निरोप जवळजवळ एकदमच पोचतो, एवढं काही ठिकाणी धरून चालावंच लागतं. शिवाय तारा दुप्पट! म्हणून आजही बहुतेक चिपा ठोक्यावरच चालतात.

माझ्या वर्गात मात्र नवी पद्धत आहे. कोणी आलं नसेल, तर शेजाऱ्याने "नाही आला" असं मोठ्याने सांगायचं. सगळे गप्प असले, तर मी पेन उचलून थांबते.