निळ्या पडद्यावर लिहिलेलं काय होतं?

लेखांक ९

मागच्या आठवड्यात यूपीएसचं बघितलं. बॅटरी नवी आहे, वीजही नीट येते, तरी संगणक मध्येच निळा होऊन बंद पडतो, ही तक्रार देवगडात मला एप्रिल-मे महिन्यांत सगळ्यांत जास्त ऐकू येते. तेव्हाच आंब्याची बिलं आणि पेट्यांची लेबलं छापायची घाई असते.

अशाच एका मेमध्ये ओळखीच्या बागायतदार काकांनी दारातच सांगितलं, "सकाळपासना तीनदा निळो झालो. फॉरमॅट मारून टाक."

"काका, निळ्यावर लिहिलेलं काय होतं?"

"ता कोण वाचता!"

तेच वाचायचं असतं. खालच्या बाजूला स्टॉप कोड असतो, कधी एखाद्या फाइलचं नावही असतं. मोबाइलने फोटो काढा. विंडोज ११मध्ये २०२५पासून हा पडदा काळा झाला आहे, कोड मात्र तिथेही असतो. फोटो राहिला असेल तर स्टार्टमध्ये रिलायबिलिटी हिस्टरी शोधा. कुठल्या दिवशी काय बंद पडलं, ते तिथे लाल फुलीसकट तारीखवार दिसतं.

साधा प्रोग्राम चुकला तर तो एकटाच बंद होतो. बरेचसे ड्रायव्हर मात्र विंडोजच्या गाभ्यात बसून काम करतात. तिथे एकाने भलत्या जागेची मेमरी वाचली, तर पुढे कुणाचा डेटा बिघडेल याचा भरवसा राहत नाही, म्हणून विंडोज स्वतःच सगळं थांबवते. १९ जुलै २०२४ला जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक असेच थांबले आणि आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा प्रणालीला नवी माहिती-फाइल गेली होती. तिच्यासाठी २१ रकाने वाचायचे होते, प्रत्यक्षात पुरवले गेले २०च. एकविसावा वाचायला गेलेला ड्रायव्हर हद्दीबाहेर गेला. तो सुरुवातीलाच लोड होत असल्याने संगणक पुन्हा सुरू केला की पुन्हा निळा. उपाय होता सेफ मोडमध्ये शिरून ती एक फाइल काढण्याचा. फॉरमॅटची गरज नव्हती.

त्या दिवशी सगळीकडे दोष एकच होता, तोच पुन्हा पुन्हा येत होता. ड्रायव्हर बिघडला की बहुधा असंच होतं: तोच कोड, तीच फाइल, तेच निमित्त. प्रिंट दिली की निळा, वाय-फाय जोडलं की निळा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या वस्तूच्या प्रॉपर्टीजमधून रोल बॅक ड्रायव्हर करावं. उलट दर वेळी कोड वेगळा, आज मेमरीचा, उद्या भलत्याच फाइलचा, तर संशय हार्डवेअरवर, आणि त्यातही आधी रॅमवर. एक सावधगिरी मात्र बाळगा. एनटीओएसकर्नल हे विंडोजच्या गाभ्याच्याच फाइलचं नाव दिसलं म्हणून विंडोज बिघडली असं धरू नका. चूक तिथे पकडली गेली एवढंच त्यातून कळतं.

काकांच्या तीन बंद पडण्यांचे तीन वेगळे कोड निघाले. कॅबिनेट आंब्याच्या खोलीत जमिनीवर, अढीपासून दोन हातांवर होतं. पत्रा काढला तर पंख्यात पेंढ्याचा भुसा, रॅमच्या सोनेरी दातांवर काळपट थर आणि खाचेच्या कडेला हिरवट ठिपका. समुद्राच्या वाऱ्यातलं मीठ धुळीबरोबर आत बसतं. हवेतली आर्द्रता पाऊणशे टक्क्यांच्या वर गेली की ते पाणी धरून ओलं होतं, आणि आपल्या किनाऱ्यावर तेवढी आर्द्रता काही नवलाची नाही.

वायर काढली, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, पत्र्याला हात लावला आणि मगच पट्ट्या बाहेर काढल्या. खोडरबराने दात घासायची आपल्याकडे फार सवय आहे. मी ते टाळतो, त्याने वरचा सोन्याचा पातळ मुलामा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड पुरतं. नंतर एकेक पट्टी लावून विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक चालवलं. एक पट्टी स्वच्छ पास झाली. दुसरी दोन्ही खाचांत नापास झाली, म्हणजे दोष खाचेचा नव्हता, पट्टीचाच होता.

एका पट्टीवर संगणक जरा हळू चालला, पण त्या संध्याकाळी सगळी बिलं छापून झाली. तीन हंगामांचा हिशेब त्याच डिस्कवर होता आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. कॅबिनेट आता ओटीवरच्या टेबलावर आहे.

पुढच्या आठवड्यात मिनिडंप फाइल उघडून त्यातलं नाव कसं वाचायचं ते पाहू.

(क्रमशः)