वायू कृष्णविवराच्या पुढे की मागे?

एप्रिलमध्ये पहाटे पावणेपाचच्या सुमारास पेडण्यातल्या केरीच्या किनाऱ्यावर किंवा डिचोलीत दिव्यांपासून दूर एखाद्या सड्यावर उभे राहून दक्षिणेकडे पाहा. वृश्चिकाची वळलेली नांगी, म्हणजे मूळ नक्षत्र, सहज ओळखू येते. तिच्या थोडे वर डावीकडे, क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर आपल्या आकाशगंगेचे केंद्र आहे. सूर्याच्या जवळपास ४३ लाख पट वस्तुमानाचे ‘सॅजिटॅरियस ए-स्टार’ हे कृष्णविवर तिथे, सुमारे २७ हजार प्रकाशवर्षांवर आहे. आपल्याला दिसतो तो फक्त दुधट पट्टा. वाटेत इतकी धूळ आहे की केंद्राकडून निघालेल्या लाख कोटी प्रकाशकणांपैकी जेमतेम एक आपल्यापर्यंत पोचतो.

हे केंद्र मध्यरात्री सर्वांत उंच येते तेव्हा गोव्यात जून असतो आणि आभाळ भरून आलेले असते. रेडिओलहरींना मात्र ना ती धूळ अडवते ना हे ढग. नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी ही दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. सुभाशीष रॉय आणि प्रमेश राव यांनी तिच्यातून हे केंद्र पाहिले आणि २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ६२० मेगाहर्ट्झवर कृष्णविवराकडून येणारे रेडिओकिरण त्यांना सापडले. त्याआधी १००० मेगाहर्ट्झच्या खाली ते कोणालाच मिळाले नव्हते.

या शोधाचे मोल समजण्यासाठी तिथला वायू लक्षात घ्यायला हवा. कृष्णविवराच्या परिसरात आयनीभूत, तप्त वायूचे फाटे पसरले आहेत. असा वायू कमी वारंवारतेच्या लहरी शोषून घेतो; पलीकडचे काही अलीकडे येऊ देत नाही. कृष्णविवर त्या फाट्यांच्या मागे असते, तर ६२० मेगाहर्ट्झवर ते फारच मंद व्हायला हवे होते. तसे झाले नाही. म्हणजे ते वायूच्या पुढे, आपल्या बाजूला आहे. सपाट दिसणाऱ्या आकाशाला खोली देणारा हा तर्क मला फार सुंदर वाटतो.

कृष्णविवराच्या अगदी काठाशी वायू काही मिनिटांतच फेरी पूर्ण करतो. १२ मे २०२२ रोजी इव्हेंट होरायझन टेलिस्कोपने त्याचे तेजोवलय जगाला दाखवले, तेव्हा हीच मोठी अडचण होती: निरीक्षण चालू असतानाच चित्र बदलत होते. एम८७ दीर्घिकेतले कृष्णविवर दीड हजार पट जड. तिथे फेरीला दिवस लागतात, म्हणून त्याची प्रतिमा आधी, २०१९ मध्येच, हाती आली.

आणि भोवती एवढा वायू असूनही आपले कृष्णविवर उपाशीच आहे. भोवतालच्या ताऱ्यांचे वारे त्याला वायू पुरवतात, पण ‘चंद्रा’ दुर्बिणीच्या क्ष-किरण निरीक्षणांनुसार ओढीत सापडलेल्या वायूपैकी एक टक्क्याहून कमी भाग काठापर्यंत पोचतो. बाकीचा आत पडण्याआधीच बाहेर फेकला जातो. आपले केंद्र इतके मंद आहे ते यामुळे.