तलावाची नजर समुद्राला चालत नाही

भोपाळकरांना पाण्याची भीती नसते, आणि थोडी पंचाईत तिथेच आहे. राजा भोजाच्या नावाने ओळखला जाणारा, तीसेक चौरस किलोमीटरचा बडा तालाब लहानपणापासून पाहिलेली माणसं पाण्यावरची शिरशिरी पाहून सांगतात, आज नाव काढावी की नाही. अंदाज बहुधा बरोबर येतो, कारण तलाव ऐकतो ते फक्त डोक्यावरच्या वाऱ्याचं. मग सुट्टीत हीच मंडळी मालवणला, नाहीतर अंदमानात स्वराज द्वीपला (जुनं हॅवलॉक) जातात, किनाऱ्यावर उभं राहून तीच नजर फिरवतात आणि म्हणतात, “वारा नाही, पाणी शांत आहे, चला स्नॉर्केलिंगला!”

समुद्राच्या बाबतीत हा तर्क लंगडा पडतो. समोरची लाट समोरच्या वाऱ्यानेच उठलेली असते असं नाही. दक्षिण हिंदी महासागरात वादळ झालं की तिथून निघालेल्या लांब लाटा काही दिवसांनी, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असताना, आपल्या किनाऱ्यावर येऊन धडकतात. केरळातले मच्छीमार याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था अशा लाटांचे इशारे देते. निघण्याआधी तो अंदाज पाहावा, आणि किनाऱ्यावर पोचल्यावर घड्याळही पाहावं. एका लाटेनंतर दुसरी चार-पाच सेकंदांत येत असेल तर ती जवळच्या वाऱ्याची. बारा-पंधरा सेकंदांनी येत असेल तर ती लांबून आलेली, आणि तेवढ्याच उंचीची असली तरी अंगात जास्त जोर बाळगणारी. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांजवळ ती माणसाला सहज उचलून आपटते. शिवाय अशा लाटा गटागटाने येतात. पाच मिनिटं काहीच नाही आणि मग लागोपाठ चार-पाच मोठ्या. म्हणून मास्क लावायच्या आधी निदान पंधरा मिनिटं नुसतं बघत बसावं. मुलं कुरकुरतील, कुरकुरू द्यावीत.

अंदाजातल्या आकड्याचाही एक घोळ आहे. ‘लाटांची उंची 1 मीटर’ असं वाचून आपण मीटरभर लाटांचीच तयारी ठेवतो. हा आकडा असतो सगळ्यात उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी. अधूनमधून जवळजवळ दुप्पट उंचीची एखादी लाट येणं हे त्याच अंदाजात बसतं. अंदाज देणाऱ्यांची ती चूक नव्हे.

‘भरती धोक्याची, ओहोटी सुरक्षित’ हे तर घरोघरी ऐकायला मिळतं. प्रत्यक्षात ओहोटीचं पाणी माणसाला बाहेर, खोल समुद्राकडे नेतं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तशा मुखापाशी ही ओढ फार असते. पूर्ण ओहोटीला खडकांवर पाणी इतकं कमी उरतं की गुडघे सोलवटतात. बघायचा असतो तो पाण्याचा वेग. भरती किंवा ओहोटी पुरी झाल्यावर पाणी थोडा वेळ थबकतं, तेव्हा ओढ सगळ्यात कमी. पाणी चढायला किंवा उतरायला साधारण सहा तास घेतं, पण सारख्या गतीने नाही. पहिल्या तासात एक बारांश, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी हलतं. त्या दोन तासांत पाण्याबाहेर राहावं.

वेळ काढायला कोकणात एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. घरातलं पंचांग असं कामी येतं. हिशेब ढोबळ आहे. मालवणकडे भरती मुंबईच्या आधी लागते आणि अंदमानात तर हे गणित सोडूनच द्यावं. तिथे भरती-ओहोटीचा छापील तक्ता हवा. तिथीवरून कळते ती दुसरी गोष्ट मात्र दोन्हीकडे लागू आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाण्याची ये-जा मोठी आणि ओढ जबर. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळंच सौम्य. सुट्टी ठरवताना रेल्वेचं आरक्षण पाहतो, तशी तिथीही पाहायला काय हरकत आहे?

सगळ्यात फसवी जागा मात्र दिसायला सगळ्यात छान असते. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधल्या पट्ट्यात पाणी गुळगुळीत, तर नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. किनाऱ्यावर चढलेलं पाणी बऱ्याचदा तिथूनच परत जात असतं, म्हणून तिथे लाट फुटत नाही. त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावं, ते जमेना तर तरंगत राहून हात वर करावा.

लाइफ जॅकेटाचं मोल भोपाळला सांगायला नको. सप्टेंबर 2019 मध्ये खटलापुरा घाटावर गणेश विसर्जनाच्या वेळी नावा उलटून 11 जण गेले; त्यांच्या अंगावर जॅकेटं नव्हती. पण जॅकेट तरंगवतं, प्रवाह थांबवत नाही. ते घालून भलत्या वेळी उतरलेला माणूस तरंगत तरंगत लांब जातो.

नितळ पाणी म्हणजे उथळ पाणी, हाही भ्रमच. मास्कमधून वस्तू साधारण पाव हिश्शाने जवळ दिसतात, त्यामुळे ‘हा काय, तळ लागलाच’ असं वाटतं आणि पाय पोचत नाही.

पावसाळ्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सिंधुदुर्गातलं जलपर्यटन मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंदच असतं. पुढेही नद्यांचा गाळ बसायला वेळ लागतो. पाणी खरं निवळतं ते थंडीत. तेव्हाही सकाळीच जावं. दुपारी जमीन तापली की खारे वारे सुटतात आणि सकाळचा आरसा खडबडीत होतो.

एवढं सगळं पाहून ठरवलं, आणि मालवणचा नाववाला म्हणाला, “आज नको, पाणी बरा नाय,” तर त्याच्याशी आगाऊ दिलेल्या पैशांवरून वाद घालू नये. धंदा बुडतो तो त्याचाही. बाजारात जावं, सोलकढी प्यावी, आणि उद्याची भरती किती वाजता ते त्यालाच विचारून ठेवावं.